स्थलांतरित युवक आणि संवादाचे प्रशिक्षण

'युवक कार्यकर्ता' म्हटले की आपल्याकडे एखाद्या पक्षाचा झेंडा हाती घेतलेला तरुण डोळ्यांसमोर येतो. युरोपात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. युवक केंद्रे, क्रीडा मंडळे, वस्त्यांमधील संस्था अशा ठिकाणी शाळेच्या चौकटीबाहेर तरुणांसोबत काम करणारी पगारी अथवा स्वयंसेवी व्यक्ती म्हणजे युवक कार्यकर्ता. परदेशातून आलेला तरुण नव्या शहरात ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलू शकतो, अशा मोजक्या माणसांपैकी तो एक असतो. साहजिकच त्याने स्वतः काय शिकलेले असावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या प्रशिक्षणाची पायाभरणी करण्यात कौन्सिल ऑफ युरोपचा मोठा वाटा आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेली ही मानवी हक्कविषयक संघटना युरोपियन युनियनहून वेगळी आहे. तिने १९७२ मध्ये स्ट्रासबर्ग येथे आणि १९९५ मध्ये बुडापेस्ट येथे युवक केंद्र सुरू केले.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी युरोपात परकीयद्वेषाची लाट उसळली होती. जर्मनीतील झोलिंगन येथे मे १९९३ मध्ये एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले. त्यात पाच महिला व मुलींचा बळी गेला. दोषी ठरलेले चौघेही तरुण होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिएन्ना येथे झालेल्या शिखर परिषदेत वंशद्वेषाविरुद्ध युवक मोहीम उभारण्याचा निर्णय झाला. 'सारे वेगळे, सारे समान' हे या मोहिमेचे घोषवाक्य. तिच्यासाठी १९९५ मध्ये कार्यकर्त्यांकरिता खास शिक्षणसंच तयार झाला, तर २००२ मध्ये मानवी हक्क शिक्षणाची 'कंपास' ही पुस्तिका आली.

या प्रशिक्षणात व्याख्यानांपेक्षा अनुभवावर भर असतो. 'कंपास'मधील 'एक पाऊल पुढे' हा खेळ त्याचे उत्तम उदाहरण. प्रत्येकाला एक भूमिका दिली जाते; कोणी बँक व्यवस्थापकाची मुलगी, तर कोणी कागदपत्रे नसलेला स्थलांतरित. त्यानंतर दैनंदिन जीवनाविषयीची विधाने वाचली जातात. जे विधान आपल्या भूमिकेस लागू पडेल, त्यावर एक पाऊल पुढे टाकायचे. सारे एका रेषेत उभे असतात, पण अखेरीस काही जण खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतात, तर काही जागचे हललेलेही नसतात. मग चर्चा सुरू होते. दुसऱ्याच्या आयुष्याविषयी आपण कोणत्या कल्पना केल्या आणि त्या कोठून आल्या, हे तपासताना कार्यकर्त्याला प्रथम स्वतःचे पूर्वग्रह दिसू लागतात.

'बहुसांस्कृतिक' आणि 'आंतरसांस्कृतिक' यांतील फरकही येथेच स्पष्ट होतो. अनेक संस्कृती शेजारी शेजारी नांदणे ही पहिली अवस्था. त्यांच्यात देवाणघेवाण होणे ही दुसरी. खाद्यमहोत्सव भरवून परस्परांचे पदार्थ चाखले म्हणजे समावेशन झाले, असे नव्हे. घर, शिक्षण, रोजगार आणि निर्णयप्रक्रियेत समान स्थान नसेल तर संवाद एकतर्फीच राहतो. कौन्सिलने मे २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आंतरसांस्कृतिक संवादविषयक श्वेतपत्रिकेनेही समान प्रतिष्ठेलाच संवादाचा आधार मानले.

२०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक निर्वासित व स्थलांतरित समुद्रमार्गे युरोपात पोहोचले, तेव्हा या कामाची खरी कसोटी लागली. त्यांत पालकांविना आलेली अल्पवयीन मुलेही मोठ्या संख्येने होती. अशा मुलांना मिळणारे बालसंरक्षण अठरावा वाढदिवस उलटताच बहुधा संपते. निवारा, पालक अधिकारी, शाळा सारेच अनिश्चित होते. या उंबरठ्यावरील तरुण निर्वासितांना साहाय्य करण्याविषयी कौन्सिलच्या मंत्री समितीने एप्रिल २०१९ मध्ये सदस्य देशांना शिफारस केली. त्यात युवक कार्याच्या भूमिकेची दखल आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. युरोपियन युनियनच्या 'इरॅस्मस प्लस' योजनेतून युवक कार्यकर्त्यांच्या परदेशातील प्रशिक्षणास निधी मिळतो; परंतु असे उपक्रम ठरावीक दिवसांचे असतात. विश्वास मात्र महिनोन्महिन्यांच्या सहवासातून निर्माण होतो. शिवाय झोलिंगनने दाखवून दिल्याप्रमाणे, केवळ नवागतांना स्थानिक भाषा व रीती शिकवून भागत नाही. त्याच गल्लीत वाढलेल्या स्थानिक तरुणांपर्यंत कार्यकर्ता पोहोचतो की नाही, यावरच या प्रशिक्षणाचे यश ठरते.