ऱ्हाईनकाठ आणि आमचा कृष्णाकाठ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कुरुंदवाडची मावशी जयसिंगपूरला आमच्या घरी आली, ती दोन पिशव्या घेऊन. बाकी सगळं पाण्यात. मी पुण्यात, क्युबिकलमध्ये. फोनवर तिचा रोज एकच प्रश्न, "आलमट्टीचे दरवाजे उघडले का रे?"

मग एका वीकेंडला वाचत बसलो. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेचं २०६० टीएमसी पाणी वाटून दिलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. हिशोब चोख, पण तो टंचाईचा. पाणी जास्त झालं तर काय, हा मावशीचा प्रश्न त्या वाटणीत बसतच नाही.

आता ऱ्हाईन बघा. महायुद्ध संपून पाचच वर्षं झालेली. तरी १९५० मध्ये स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स एका टेबलाशी बसले. विषय होता प्रदूषण. पुढे १९९३ आणि १९९५ ला मोठे पूर आले, आणि १९९८ मध्ये त्याच आयोगाने पुराचा आराखडा केला: नदीला पसरायला जागा, धोक्याचे नकाशे, आधी मिळणारा इशारा. टेबल आधीपासून होतं, म्हणून जमलं.

आपल्याकडे २०२१ च्या जूनमध्ये, पुराच्या आधी, दोन्ही राज्यांची बैठक झाली. जुलैत पूर आलाच. पण या वेळी मावशी दोन दिवस आधीच आली, ट्रंक आणि कागदपत्रं घेऊन.

आलमट्टीच्या उंचीचा वाद चालू राहील. पण मंडळी, धरणातून किती पाणी सोडलं हा आकडा खालच्याला आणि वरच्याला एकाच वेळी कळायला कुठला लवाद लागतो?