गंधाचे विसरण व तापमान

गंधद्रव्याचे रेणू हवेत आपोआप पसरण्याच्या क्रियेवर तापमानाचा होणारा परिणाम. अडॉल्फ फिक यांनी 1855 मध्ये विसरणाचे नियम मांडले (पहा : विसरण). वायूंचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावत असतील, तर खोलीच्या एका कोपऱ्यातील वास दुसऱ्या कोपऱ्यात तत्काळ का पोहोचत नाही, असा आक्षेप डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलट यांनी घेतला. त्याला उत्तर देताना रूडॉल्फ क्लॉसियुस यांनी 1858 मध्ये सरासरी मुक्त मार्गाची संकल्पना मांडली : हवेच्या रेणूंशी सतत टकरा होत असल्याने गंधरेणूची वाट वेडीवाकडी होते (पहा : द्रव्याचा गत्यात्मक सिद्धांत).

स्थिर दाबाखाली वायूंचा विसरणांक निरपेक्ष तापमानाच्या सुमारे 1.75 व्या घाताच्या प्रमाणात वाढतो. 10° से. वरून 40° से. पर्यंत ही वाढ सुमारे 20 टक्केच भरते. बाष्पीभवनावरील परिणाम याहून कितीतरी मोठा असतो. एथिल अल्कोहोलाचा बाष्पदाब 20° से. ला सुमारे 5.9 किलोपास्कल, तर 40° से. ला जवळपास तिप्पट असतो (पहा : बाष्पदाब). उष्ण पदार्थाचा वास तीव्र येतो तो मुख्यतः यामुळे.

केवळ विसरणाने गंधाला एक मीटर अंतर जाण्यास कित्येक तास लागतात. व्यवहारात तो वाऱ्याने व अभिसरणाने पसरतो. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते (पहा : तापमान व्युत्क्रमण), तेव्हा अभिसरण मंदावते व धुराचा वास खालीच साचून राहतो.