न्यूरेंबर्गचे ट्रम्पेट आणि त्याची घडण

सोळाव्या ते अठराव्या शतकात युरोपातील दरबारांना आणि नगरांना उत्तम ट्रम्पेट हवे असले, की मागणी बहुधा दक्षिण जर्मनीतील न्यूरेंबर्गकडे जाई. नॉयशेल, श्निट्झर, हाइनलाइन, एहे आणि हास ही तेथील नामांकित कारागीर घराणी होत. १६२५ मध्ये ट्रम्पेट घडवणाऱ्यांना स्वतंत्र नियमावली मिळाली आणि या धंद्याला रीतसर मान्यता लाभली.

त्या काळच्या ट्रम्पेटला झडपा, म्हणजे कळ दाबून नळीची लांबी बदलणारे व्हॉल्व्ह, नसत. सुमारे सव्वादोन मीटर लांबीच्या दुमडलेल्या नळीतून केवळ ओठांच्या ताणावर जे नैसर्गिक स्वर निघत, तेवढेच वादकाच्या हाती असत. मूळ स्वर षड्ज धरला, तर खालचे स्वर सा, प, सा, ग असे एकमेकांपासून दूर पडतात आणि आठव्यापासून वरच ते सलग सप्तकासारखे जवळ येतात. म्हणून संगीतकार बाखच्या काळातील अवघड ट्रम्पेट-वादन या वरच्या पट्टीत चाले. तेथेही अकरावा स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या साधारण मध्यावर पडतो, आणि तो ओठांनी ओढून सुरात बसवण्याचे काम वादकाचेच असे.

या ट्रम्पेटसाठी लागणारे पितळही आजच्यासारखे नव्हते. राजस्थानातील झावर येथे जस्ताचे ऊर्ध्वपातन कित्येक शतके आधीच होत होते, पण युरोपात शुद्ध जस्त काढण्याची कला अठराव्या शतकातच रुजली. तोवर तांब्याचे तुकडे जस्ताचे खनिज आणि कोळसा यांच्यासह बंद मुशीत तापवून पितळ करीत, आणि त्यात जस्ताचे प्रमाण सहसा ३० टक्क्यांच्या वर जात नसे.

नळीसाठी पत्र्याची पट्टी कापून ती पोलादी दांड्याभोवती गोल वळवीत आणि कडा टाकणखार लावून झाळीत. कर्णा, म्हणजे टोकाचा पसरट भाग, हे खरे कसोटीचे काम होते. त्याच्या पत्र्याच्या एका कडेला दाते कापून ते आळीपाळीने वर-खाली वाकवीत, दुसरी कड त्यांच्यामध्ये सरकवून सांधा ठोकून झाळीत आणि मग हातोडीने ऐरणीवर मठारत मठारत हवा तो आकार आणीत. ठोकल्याने पितळ कडक होऊन तडकू लागते, त्यामुळे ते मधूनमधून भट्टीत तापवून नरम करावे लागे. वाकणे देताना नळी चेपू नये म्हणून तीत वितळलेले शिसे ओतीत आणि वाकवून झाल्यावर तापवून ते काढून घेत. कर्ण्याच्या काठाभोवती शेवटी एक कोरीव पट्टी बसे, जिच्यावर कारागिराचे नाव, शहर आणि निशाणी असे. योहान विल्हेल्म हास (१६४९–१७२३) याची निशाणी उडी मारणारा ससा ही होती.

हाताने घडवलेल्या या भिंती कोठे जाड, कोठे पातळ असत आणि सांध्याची रेघ आतूनही जाणवे. आधुनिक कारखान्याच्या दृष्टीने हा दोष ठरेल, परंतु जुन्या पद्धतीने वाद्ये घडवणाऱ्या काही जाणकारांच्या मते याच असमानतेमुळे स्वर ओठांनी ओढणे सुकर होते, आणि हे मत सहज बाजूला सारण्याजोगे नाही. जोडणीही अशीच सैल असे. सरळ नळ्या, वाकणे आणि कर्णा हे भाग एकमेकांत सरकवून मेणाने बंद करीत, तर नळ्यांच्या मध्ये लाकडी ठोकळा ठेवून तो दोरीने बांधीत. सारे भाग कायमचे झाळलेले नसल्यामुळे चेपलेला भाग काढून सुधारणे सोपे जाई, शिवाय वाद्यावर अनावश्यक ताणही येत नसे.

१८१८ मध्ये हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांना प्रशियात झडपेचे पेटंट मिळाले आणि त्यानंतरच्या काही दशकांत झडपा नसलेले ट्रम्पेट मागे पडले. विसाव्या शतकात जुने संगीत त्या काळच्या वाद्यांवर वाजवण्याची ओढ वाढली, तेव्हा न्यूरेंबर्गच्या नमुन्यांवरून नव्या प्रती घडू लागल्या. मात्र १९६० च्या सुमारास ओटो श्टाइनकोफ यांनी पुढे आणलेल्या पद्धतीनुसार यांतील अनेक प्रतींच्या नळीला बोटांनी उघडण्याजोगी बारीक भोके पाडली जातात, ज्यांनी बेसूर स्वर आपोआप सुधारतो. मैफलीची गरज पाहता ही तडजोड समजण्याजोगी आहे. पण मूळ नळ्यांना अशी भोके नसत, आणि त्यामुळे या प्रतींवरील अकराव्या स्वरावरून हासच्या ट्रम्पेटविषयी काढलेले अनुमान टिकत नाही.