मराठा सुतार
सुतार पक्षी कुळातील (पिसिडी) लहान पक्षी. शास्त्रीय नाव लिओपिकस महरॅटेन्सिस. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथम यांनी 1801 मध्ये त्याचे वर्णन केले. लांबी सुमारे 18 सेंमी., म्हणजे बुलबुलापेक्षा किंचित कमी.

पाठ व पंख काळपट तपकिरी असून त्यांवर पांढरे ठिपके दाट असतात. मळकट पांढऱ्या छातीवर तपकिरी रेघा असतात. माथा पिवळसर असतो. नराच्या माथ्याचा मागचा भाग लाल, मादीचा तसा नसतो. मात्र खरी खूण पोटावरचा लाल डाग ही होय. ती नर-मादी दोघांतही असते, पण पक्षी खोडाला चिकटलेला असताना हमखास लपते. म्हणून घाईने नाव ठरवू नये. तपकिरी डोक्याचा छोटा सुतार याहून बराच लहान, जेमतेम 13 सेंमी. असून त्याच्या पोटावर लाल डाग नसतो. सोनेरी पाठीचा सोनपाठी सुतार आकाराने खूपच मोठा असल्याने त्याच्याशी गल्लत होत नाही.

मराठा सुताराला विरळ, कोरडे रान मानवते. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातील किनवट–माहूरची सागवानी पानझडी जंगले त्याला अनुकूल आहेत. लातूर जिल्ह्यात जंगल फारच थोडे; तेथे बाभळीची झाडी आणि आमराया धुंडाळाव्यात. मुंग्या, अळ्या व भुंगेरे हे त्याचे मुख्य खाद्य. विणीचा हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. वाळक्या फांदीत कोरलेल्या ढोलीत मादी साधारणपणे तीन पांढरी अंडी घालते. नर-मादी दोघेही ती उबवतात.