वाया जाणारा गंधक आणि जिंतूरची शेती

दख्खनच्या काळ्या कातळात खणून काढण्याजोगे गंधकाचे साठे नाहीत. जिंतूर तालुक्यात सोयाबीन, तूर व हरभरा ही पिके घेतली जातात, आणि तेलबिया व कडधान्ये यांना गंधकाची गरज तृणधान्यांहून अधिक असते. हा गंधक बाहेरूनच यावा लागतो. त्याच्या पुरवठ्याचा इतिहास पाहता असे दिसते की, टंचाईने जे साधले नाही ते अखेर कायद्याने साधले.

१९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने अंबरनाथ येथे गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट यांचे उत्पादन हाती घेतले. एक टन गंधकापासून सुमारे तीन टन गंधकाम्ल होते. पण त्यासाठी देशाला परदेशी गंधकावर विसंबावे लागे. दुसऱ्या महायुद्धात बलुचिस्तानातील कोह-इ-सुलतान येथे गंधक काढण्यात आला. १९४७ च्या फाळणीत तो प्रदेशही पाकिस्तानात गेला. १९५१ साली तर जगभर गंधकाची टंचाई होऊन त्याची आंतरराष्ट्रीय वाटणी करावी लागली.

याच सुमारास, १९५४ व १९५५ साली, मुंबईत माहुल येथे खनिज तेल शुद्ध करणारे दोन कारखाने सुरू झाले. पर्शियन आखातातील तेलात गंधक पुष्कळ असतो. तो मिळविण्याची कृतीही जुनीच होती. कार्ल फ्रीड्रिख क्लाउस याने १८८३ साली तिचे एकस्व घेतले होते. हायड्रोजन सल्फाइडचा तिसरा हिस्सा जाळून सल्फर डायऑक्साइड करावयाचा, आणि उरलेल्या वायूशी त्याचा संयोग घडवून गंधक वेगळा करावयाचा, हे तिचे सार होय. इंग्लंडात अलेक्झांडर चान्स याने सोडा कारखान्यांच्या टाकाऊ राशींतून याच रीतीने गंधक मिळविला; तेथे नफा हीच प्रेरणा पुरेशी ठरली.

येथे मात्र ती अपुरी पडली. तेलातील गंधक प्रथम हायड्रोजनच्या साहाय्याने वायुरूपात आणावा लागतो, आणि हायड्रोजन महाग असतो. गंधकाच्या किमतीतून तो खर्च भरून निघत नसे. परिणामी आयात करावयाचा तो गंधक इंधनाबरोबर जळून हवेत जात राहिला. आणि एक टन गंधक जळला की दोन टन सल्फर डायऑक्साइड निर्माण होतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी डिझेलमध्ये शेकडा १ पर्यंत गंधक चालत असे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकाने ही मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, म्हणजे हजारांश केली. तेव्हा गंधक काढणे हे कारखान्याच्या इच्छेवर राहिले नाही.

तथापि एवढ्याने शेताचा प्रश्न सुटत नाही. सुपरफॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर शेकडा अकरा-बारा गंधक शेतकऱ्यास न मागता मिळत असे. पुढे प्रचारात आलेल्या डीएपीमध्ये तो जवळजवळ नसतो. कायद्याने गंधक हवेतून वाचविला. जिंतूरच्या जमिनीपर्यंत तो पोहोचविणे हे खतधोरणाचे कार्य होय.