बाजाराचा धनी कोण?



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांची इतिहास शिकवण्याची एक रीत होती. राजाचे नाव आणि लढाईचे वर्ष सांगून झाले की ते वर्गाला विचारीत, "त्या आठवड्यात बाजार भरला होता का?" आम्ही मुले हसत असू. बाजार भरणे म्हणजे रस्ते सुरक्षित असणे, तराजूवर विश्वास असणे आणि परक्या माणसाशेजारी निर्धास्तपणे बसता येणे, हे कळायला मला पुढची कित्येक वर्षे लागली. त्या ऋणाची जाणीव ठेवून आज मी बाजार हाच विषय घेतला आहे. आणि त्यातही शहराच्या उपनगरातला मॉल, त्याचा उदय आणि त्याचा अस्त.

तुये गावात उभे राहून मॉलविषयी काय बोलायचे, असे काहींच्या मनात येईल. पण डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले, पुढच्याच महिन्यात विमाने उतरू लागली, आणि पेडणे महालात जमिनीची भाषाच बदलली. कालपर्यंत जिला आपण भाटले किंवा मोरड म्हणत होतो, तिला आता 'रस्त्यालगतची जागा' म्हणतात. तेव्हा हा विषय दूरचा राहिलेला नाही.

आरंभ मी माझ्या लहानपणापासून करतो. शुक्रवारी पहाटे आजीचे बोट धरून मी तरीवर जात असे. होडीने शापोरा नदी ओलांडून कामुर्लीला उतरायचे आणि तेथून पायी म्हापसा गाठायचे. आजीच्या डोक्यावरच्या पाटलीत मिरच्या असत, ऋतूप्रमाणे आंबे किंवा काजूबिया असत. म्हापसा या नावातच 'माप' आहे असे लोक सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो वा न उतरो, लोकांनी गावाचे नाव मापाशी जोडावे यातच बाजाराची प्रतिष्ठा दिसते. आजी जमिनीवर गोणपाट अंथरून बसली की थोड्या वेळाने सोपो गोळा करणारा येई. सोपो म्हणजे बाजारात बसण्याचा कर, हे या सभेत सांगायला नको. पैसे देऊन मिळालेली चिठ्ठी आजी कनवटीला खोवून ठेवी.

एकदा शेजारी बसलेल्या कोणीतरी मासळीचे पाणी तिच्या गोणपाटावर सोडले. आजी भांडली नाही. तिने कनवटीची चिठ्ठी काढली, नगरपालिकेच्या शिपायाला बोलावले आणि म्हणाली, "सोपो दिल्लो आसा, जागो माजो आसा." शिपायाने त्या माणसाला बाजूला सरकवले आणि पाण्याला वाट काढून दिली. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईला बाजाराचे सारे अर्थशास्त्र ठाऊक होते. जो सोपो घेतो, त्याच्यावर जागेची जबाबदारी येते. आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सारा त्याचा विस्तार आहे.

मराठी मुलखात पेठा वसल्या त्याही याच सूत्रावर. नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल दिला जाई, येणाऱ्या व्यापाऱ्यांना काही वर्षे करात सूट मिळे, आणि पेठेवर शेटे-महाजन नेमले जात. व्यापारी आणून वसवणे, वजनमापांवर नजर ठेवणे, तंटे मिटवणे ही त्यांची कामे. त्याबद्दल पेठेत येणाऱ्या मालावर त्यांना हक्क मिळत. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. वतनदारीचे दोष तिच्यात होतेच. पण पेठ ओस पडली तर शेटे-महाजनांचे उत्पन्न बुडे. बाजाराच्या भल्यात धन्याचे भले गुंतलेले होते.

आता मॉलकडे वळू. पूर्ण बंदिस्त, आतली हवा यंत्राने राखलेली आणि चहूबाजूंनी मोटारींसाठी मोकळे मैदान असलेला पहिला उपनगरी मॉल म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो 'साउथडेल' १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळच्या इडायना येथे उघडला. त्याचा वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा ज्यू. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तो अमेरिकेत आला. मोटारीच्या मागे विखुरलेल्या अमेरिकन उपनगरांना व्हिएन्नासारखा एक चौक मिळावा, लोकांनी तेथे चालावे, बसावे, एकमेकांना भेटावे, हे त्याचे स्वप्न होते. मॉलभोवती घरे, शाळा, रुग्णालय, उद्यान आणि तळे यांचीही त्याने आखणी केली होती. प्रत्यक्षात दुकाने आणि मोटारींची मैदाने तेवढी देशभर पसरली. भोवतालचे गाव कागदावरच राहिले.

असे का झाले? त्याचे एक कारण करांच्या कायद्यात सापडते. १९५४ मध्ये अमेरिकेने नव्या इमारतींवर पहिल्या काही वर्षांतच मोठा घसारा वजा करण्याची मुभा दिली. त्यामुळे जुनी इमारत सांभाळण्यापेक्षा नवी बांधण्यात, आणि करलाभ संपला की ती विकून टाकण्यात, नफा दिसू लागला. शिकागोजवळच्या हार्वी गावातला 'डिक्सी स्क्वेअर' मॉल १९६६ मध्ये उघडला आणि १९७८ मध्ये बंद पडला. बारा वर्षे तो चालला आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ ओस पडून राहिला. पाडला गेला तो २०१२ मध्ये. ग्रुएन उतारवयात व्हिएन्नाला परतला, तर पुढे त्याच्या शहराच्या सीमेवरही तसलेच व्यापारसंकुल उभे राहिले. १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात त्याने या साऱ्या अपत्यांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. दोन वर्षांनी तो वारला.

आपल्याकडे ही लाट चार दशके उशिरा आली. १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ 'क्रॉसरोड्स' उघडला, तेव्हा तो पाहायला इतकी झुंबड उडाली की सुरुवातीच्या काळात आत जाण्यासाठी हातात मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असावे, नाहीतर साठ रुपये भरावेत, असा नियम करण्यात आला होता. मला येथे आजीचा सोपो आठवतो. म्हापशात विकणारा पैसे देत असे. येथे पाहणाऱ्यानेच द्यायचे होते. पुढे तो मॉल हातोहात फिरला, नाव बदलले, आणि अखेर त्याची रया गेली. दरम्यान मॉल उपनगरांत पसरले. २००० नंतरच्या दशकात मालाड, मुलुंड, भांडुप, घाटकोपर, वाशी येथे ते एकामागून एक उभे राहिले.

माझे काही आप्त मुलुंडला राहतात. त्यांच्याकडे जाता-येता लालबहादूर शास्त्री मार्गावर भांडुपचा 'ड्रीम्स मॉल' मी अनेकदा पाहिला. २००९ च्या सुमारास उघडलेल्या या संकुलात सुमारे हजार छोटे गाळे होते. प्रथम पाहिला तेव्हा सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला भिणाऱ्या बायका आणि त्यांना हात देणारी नातवंडे यांनी तो गजबजलेला होता. पुढच्या खेपांना शटरे खाली आलेली दिसू लागली. उभारणाऱ्या एचडीआयएल कंपनीचे दिवाळे वाजले. मॉलचा कारभार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. गाळे ओस पडत असतानाच वरच्या मजल्यावर एक रुग्णालय सुरू झाले. ते महामारीचे दिवस होते. २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास मॉलला आग लागली, धूर वर चढला, आणि अकरा माणसे दगावली. त्यानंतर मॉल बंद पडला. त्याच्या तळघरात पाणी साचून राहिले.

या दुर्घटनेचा दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हजार गाळ्यांच्या या इमारतीत जिना कोणाचा होता? पाण्याचा बंब कोणाचा? गाळ्या-गाळ्यांमधली वाट कोणाची?

मॉल दोन प्रकारे चालवले जातात. पहिल्या प्रकारात सारी इमारत एका मालकाकडे राहते आणि दुकाने भाड्याने दिली जातात. दुकान चालले तर भाडे मिळते. म्हणून कोणत्या मजल्यावर काय असावे, दिवे कधी लागावेत, जिने चालू आहेत की नाहीत, याची चिंता मालक वाहतो. दुसऱ्या प्रकारात गाळे एकेक करून विकले जातात. शेवटचा गाळा विकला की उभारणाऱ्याचा नफा पदरात पडतो आणि त्याचे लक्ष दुसऱ्या भूखंडाकडे लागते. मागे उरतात शेकडो मालक. त्यांतले कित्येक गुंतवणूक म्हणून गाळा घेतलेले, दूर राहणारे. कोणी शटर उघडतो, कोणी उघडत नाही; देखभालीची वर्गणी थकते; दिवे मंदावतात; गिऱ्हाईक फिरकेनासे होते; मग उघडणारेही बंद करतात. मुंबईच्या उपनगरांत जे मॉल लवकर कोमेजले, त्यांत गाळे विकलेल्यांचा भरणा मोठा आहे. घरबसल्या खरेदी आली, एकाच रस्त्यावर गरजेपेक्षा अधिक मॉल झाले, महामारी आली, ही कारणे खरीच आहेत. पण त्याच शहरात, त्याच महामारीतून एका धन्याचे मॉल सावरले. म्हणून मी म्हणतो की मॉलचा अस्त गिऱ्हाईक जाण्याने सुरू होत नाही. सामाईक जागेला धनी उरत नाही तेव्हा तो सुरू होतो.

म्हापशाचा बाजार आदर्श आहे असा माझा दावा नाही. तेथे गर्दी आहे, कचरा आहे, वाहनांची कोंडी आहे. पण पोर्तुगीज गेले, १९६१ मध्ये मुक्ती आली, शापोऱ्यावर पूल झाले, आणि शुक्रवार अजून मोडलेला नाही. हरमलची मिरची, मयड्याची केळी आणि पुरुमेंताचे सामान अजून तेथे येते. तक्रार करायला कोणाचे तरी दार आहे, तोवर बाजार जिवंत असतो. कोमुनिदादीची परंपरा असलेल्या गोमंतकीयाला हे सांगायची गरज नसावी. गावाची सामाईक जमीन, बांध आणि मानशी ज्यांनी शतकानुशतके राखली, त्यांना सामाईक वस्तू राखण्यासाठी नेमलेला माणूस लागतो हे ठाऊक होते. एका पावसाळ्यात बांधाकडे दुर्लक्ष झाले तर खाजनात खारे पाणी शिरते, आणि ते कोणाच्या शेतात शिरायचे हे विचारून शिरत नाही.

म्हणून पेडणे महालातल्या माझ्या तरुण मित्रांना, आणि उद्या पंचायतीत बसणाऱ्या या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना, माझी विनंती आहे. व्यापारसंकुले येतील, ती येऊच नयेत असे म्हणणारा मी नाही. आमच्या मुलांना रोजगार हवा आहे. पण परवान्याचा कागद पुढे आला की तीन प्रश्न विचारा. गाळे विकले जाणार की भाड्याने दिले जाणार? जिना, वाट, पाणी आणि आगीची व्यवस्था दहा वर्षांनंतर कोणाच्या नावावर असेल? आणि उभारणारा बुडाला, तर किल्ली कोणाकडे जाईल? या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या आणि आजीसारखी कनवटीला खोवून ठेवा.

गुरुवर्य आज असते तर भांडुपच्या त्या काळवंडलेल्या इमारतीची हकिगत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली असती आणि आम्हांला विचारले असते, "त्या दिवशी सोपो कोण घेत होता?" या प्रश्नाचे उत्तर देता येईल असेच बाजार आपल्या महालात उभे राहोत, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.