परसातल्या मिरचीची पाचशे वर्षं



तिखटाशिवाय आपली भाकरी घशाखाली उतरत नाही. पण ही मिरची मुळात आपल्या मुलखातली नाही, असं बैठकीत सांगितलं की बायका हसतात. खरं आहे ते. ज्ञानेश्वर माउलींच्या काळात महाराष्ट्रातल्या एकाही चुलीवर मिरची नव्हती. तिखट असायचं ते मिरी, पिंपळी आणि आल्याचं.

मिरचीचं माहेर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. तिथले लोक हजारो वर्षं ती पिकवत होते. १४९२ साली कोलंबस आपल्याकडची मिरी शोधायला निघाला आणि पोहोचला भलतीकडेच. तिथल्या तिखट फळाला त्यानं मिरीचंच नाव दिलं. आपणही वेगळं काही केलं नाही. मिरीवरूनच मिरची म्हटलं. पुढे पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला आले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली आणि घाट चढून देशावर आली.

ती इतकी रुजली कशी? मिरीच्या वेलाला दमट हवा लागते, भरपूर पाऊस लागतो. आपल्या भागात ती विकतच आणावी लागायची. मिरची मात्र नाहणीच्या सांडपाण्यावरही येते, वाळवली की वर्षभर टिकते. पैशाच्या जिनसेला परसातलं झाड मिळालं. गरिबाच्या भाकरीवर ठेचा आला तो असा.

मग ज्या त्या मातीत, बी निवडून ठेवणाऱ्या हातांनी, वेगवेगळ्या मिरच्या तयार झाल्या. बारीक आणि जहाल लवंगी, गडहिंग्लजच्या बाजारात नाव असलेली संकेश्वरी, नागपूरकडची भिवापुरी, गोव्याची खोला. नंदुरबारचा मिरची बाजार तर देशात मोठा.

तिखटपणा मोजायची रीत १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा; किती पट पातळ केल्यावर जीभ भाजायची थांबते, तो तिचा आकडा. २००७ मध्ये आसामकडच्या भूत जोलोकियाची जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. तिचा आकडा दहा लाखांच्या वर होता. आपण म्हणतो बी तिखट, पण खरा जाळ असतो बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड भाजलं तर पाणी नको, दूध किंवा दही घ्या. हात चुरचुरले तर आधी तेल चोळा, मग साबणानं धुवा.

भूत जोलोकियाचं बी उगवायला तीन-चार आठवडेही घेतं, आणि आपल्या कोरड्या उन्हात झाडाला सावली लागते. लवंगी त्या मानानं सोपी. जुन्या डब्याला तळाशी भोकं पाडा, माती आणि शेणखत भरा. पाणी साचू देऊ नका. पानं चुरडली-मुरडली तर ते झाड उपटून लांब टाका. नीट सांभाळलं तर एकच झाड दोन-तीन वर्षं मिरच्या देतं.

आता मुद्द्याचं बोलते. संकरित मिरचीचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाड आईसारखं येत नाही. म्हणून दरवर्षी नवी पुडी, नवा खर्च. देशी मिरचीचं तसं नाही. पण तिचं बी घरोघरी धरलं नाही, तर एका पिढीत वाण जातो आणि तो मागून कुठे मिळत नाही. वेगवेगळ्या मिरच्या शेजारी असल्या तर भेसळ होते, म्हणून बियाचं झाड लांब ठेवा. चांगल्या झाडावरची पूर्ण लाल झालेली फळं घ्या, बी सावलीत वाळवा, राख लावून बरणीत ठेवा आणि वर वाणाचं नाव व साल लिहा.

पुढच्या मासिक बैठकीला बचतीच्या पासबुकासोबत प्रत्येकीनं आपल्या घरच्या मिरचीचं मूठभर बी आणावं. म्हाताऱ्या सासूबाईंना, आजीला विचारून तिचं जुनं नावही आणा. बी एकमेकींत वाटून घेऊ. एकीच्या घरचं गेलं, तरी दुसरीच्या बरणीत राहील.